लिहायचं खोटं, वाचायचं खोटं

खोटं बोलू नये, हे मला आईनं शिकवलं. बोलायचंच झालं तर ते नेमकं कुठं बोलावं, हे व्हिडिओ गेमनं शिकवलं. बँकेच्या नोकरीत दोन्ही शिकवण्या उपयोगी पडल्या. पहिली प्रमोशनच्या आड आली, एवढंच.

परवा आमचे चिरंजीव (वय वर्षे बारा) मोबाईलवर मारिओ खेळत होते. तोच मारिओ, ज्याच्यापायी आमच्या पिढीच्या अंगठ्यांना घट्टे पडले. मी चष्मा पुसून पाहतो, तर गडी सारखा खड्ड्यात पडतोय आणि जीव काही कमी होत नाहीत.

"चीट कोड टाकलाय बाबा. एस-एक्स-आय-ओ-पी-ओ."

"म्हणजे लबाडी!"

"लबाडी कोणाशी?"

आता आली का पंचाईत! ऑडिटिंगच्या पेपरला आम्हांला शिकवलं होतं, की फसवणूक म्हटली की फसवला गेलेला एक मनुष्य लागतो. इथं तसा कोणीच नव्हता. मारिओची तर तक्रारच नव्हती.

खरं म्हणजे मला बोलायचा हक्कच नव्हता. १९९०च्या दशकात अमरावतीत घरोघरी समुराई नाहीतर मीडिया कंपनीचं मशीन असे. त्यात घालायची कॅसेट. तिच्यावर ९९९९ खेळ असल्याचा दावा, आणि आत मोजून पाच-सहा. बाकी सगळे तेच खेळ, कुठं तिसऱ्या पातळीपासून, कुठं सातव्यापासून. म्हणजे आम्ही लबाडी करायच्या आधी कॅसेटच करून मोकळी. 'कॉन्ट्रा'त तर वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी-ए असं दाबलं की तिनाचे तीस जीव. गंमत म्हणजे हा मंत्र खेळ बनवणाऱ्यांच्याच घरचा. कोनामी कंपनीच्या हाशिमोतोनं १९८६ साली 'ग्रेडियस' तपासताना तो घातला. कारण? स्वतःचाच खेळ त्याला जमेना! स्वतःला न जमणाऱ्या परीक्षा लोकांसाठी काढणारे मास्तर मी पाहिलेत. पण ते कॉपी स्वतःच पुरवत नसत.

पुढं एका मित्राच्या मामांनी अमेरिकेहून 'गेम जिनी' नावाची चीज आणली. कॅसेट त्यात खोवायची आणि तो मशीनमध्ये. सगळी गल्ली जमली. पण अमेरिकन मशीनला पिना बहात्तर, आणि आमची मशीनं जपानी घडणीची, त्यांना साठ. जिनी आला, पण दिव्यात शिरेना! शेवटी मित्राच्या आजीनं तो चार दिवस पोथी उघडी राहावी म्हणून वापरला.

हा जिनी करतो काय, ते मला फार पुढं कळलं, आणि कळलं तेव्हा खुर्चीत ताठ बसलो. कारण हे तर आमच्याच खात्यातलं प्रकरण! कॅसेट म्हणजे लेजर. तिच्यावरचं लिखाण बदलता येत नाही. मशीन विचारतं, "अमुक पानावर काय लिहिलंय?" मधे बसलेला जिनी कॅसेटला बोलूच देत नाही, आपणच भलतं वाचून दाखवतो. 'एस-एक्स-आय-ओ-पी-ओ'चा अर्थ इतकाच, की जिथं 'एक जीव वजा कर' असं लिहिलंय, तिथं 'आकडा नुसता बघ' असं वाचायचं. मशीन बिचारं आकडा बघतं आणि पुढं जातं. (आमच्या शाखेत एक साहेब अशाच पद्धतीनं अर्ज बघत.)

मोठ्या कॅसेटमध्ये पानं आलटून पालटून समोर येतात. या तंत्राचं नाव बँक-स्विचिंग. आम्ही त्याला बदली म्हणतो. तेव्हा जिनीला सहाऐवजी आठ अक्षरं लागतात. तो आधी पाहतो, की समोर आहे ते आपलंच पान ना? मगच खोटं वाचतो. हल्ली इतकी खातरजमा खरं वाचणारेही करीत नाहीत.

ब्रिटनच्या दातेल कंपनीचा 'अॅक्शन रिप्ले' मात्र वेगळ्या कुळातला. तो लेजरच्या वाटेला फारसा जात नाही. रोजच्या कच्च्या वहीत, म्हणजे मशीनच्या चालू स्मरणात, हात घालतो. जीव किती? नऊ. मेलात, आठ झाले. की हा पुन्हा नऊ लिहितो. सेकंदाला पन्नास-साठ वेळा, न कंटाळता. कारण खेळ आपलं खरं मोजतच राहतो आणि याला आपलं खोटं लिहीतच राहावं लागतं. त्याचा भाऊबंद 'गेमशार्क' प्लेस्टेशनच्या पाठीमागच्या खाचेत बसे. सोनीनं पुढच्या मशीनांतून ती खाचच काढून टाकली.

निन्टेन्डो जिनीविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली. १९९२ साली अमेरिकेच्या अपील कोर्टानं निकाल दिला, की यानं मूळ खेळ बदललाच नाही. जिनी काढला की सगळं होतं तसं. वर निन्टेन्डोला दीड कोटी डॉलर भरावे लागले. मला हा निकाल वाचून फार बरं वाटलं, कारण चिखलदऱ्याची एक केस माझ्या मनात कैक वर्षं पेंडिंग आहे.

२००९ साली माझी चिखलदऱ्याला बदली झाली. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून हा कीचकदरा, असं म्हणतात. म्हणजे नाव बदलून राहणारे पांडव, आणि अंधारात सैरंध्रीच्या जागी पडून राहिलेला भीम. गावाच्या नावातच खोटं वाचून दाखवणं आलं! पावसाळ्यात धुकं असं, की काउंटरवरून दारातला गिऱ्हाईक दिसू नये. त्या धुक्यातून दर सोमवारी एक गवळीबाबा यायचे. पासबुक सरकवायचे.

"पोराचे पैसे आले काय जी?"

पोरगा पुण्याला. दोन वर्षं नेमानं पाठवले, मग बंद. पहिल्या सोमवारी मी खरं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत; पासबुक उपरण्यात गुंडाळलं आणि पायरीवर तासभर बसून राहिले. पुढच्या सोमवारी मी जिनी झालो. कोऱ्या पडद्याकडं पाहून म्हणालो, "निघालेत पुण्याहून. येतील आठवड्यात."

खातं जसंच्या तसं. एक अक्षर बदललं नाही. अमेरिकेच्या कोर्टानं मला निर्दोष सोडलं असतं.

पण आठवडा सात दिवसांचाच असतो. मग मी तीनशे रुपयांची स्लिप भरली. इथं मी अॅक्शन रिप्ले झालो आणि तिथंच फसलो. कारण बाबा पैसे काढत, शिल्लक खरं मोजत राही, आणि पहिली तारीख आली की मी पुन्हा लिही. दोन वर्षं. बायकोला वाटे, मी चहा-पान वाढवलंय. म्हणजे तिच्यापाशी पुन्हा निराळं वाचून दाखवणं आलं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पासबुकात दर महिन्याला 'रोख, चिखलदरा' असं स्वच्छ छापलं जाई. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांची नात मात्र आश्रमशाळेत सातवीत होती.

२०११ साली अकोल्याची ऑर्डर आली. जिनी काढायची वेळ झाली. जिनीबद्दल आणखी एक ऐकलं होतं : तो मशीनमध्ये इतका घट्ट बसायचा, की पिना ताणल्या जात आणि पुढं काही मशीनं त्याच्यावाचून कॅसेट वाचेनातच. शेवटच्या दिवशी बाबा रबडी घेऊन आले. द्रोण काउंटरवर ठेवला.

"तुमची बदली अकोल्याले झाली म्हनते."

"हो ना, बाबा."

बाबांनी पासबुक उपरण्यात गुंडाळलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"मंग माह्या पोराचीबी अकोल्यालेच झाली असन."

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी अकोल्याच्या शाखेत, काउंटरच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा होतो. खाते क्रमांक पाठ होता. रक्कम अंकी लिहिली, अक्षरी लिहिली. 'भरणाऱ्याचे नाव' या रकान्यावर पेन अडलं, आणि मागचा माणूस म्हणाला, "अहो, लिहा ना बाप्पा काहीतरी!"