लांडगा आला नाहीं तेव्हां

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. मुलगा खोटें बोलला आणि त्याचें फळ त्यास मिळालें, हें तिचें तात्पर्य इतकें सरळ आहे कीं, त्यावर अधिक विचार करण्याची गरज कोणास भासत नाहीं. परंतु त्या मुलानें झुडुपांत कांहीं तरी हालतांना खरोखरच पाहिलें असतें, प्रामाणिक भीतीनें हांक मारली असती, आणि तरीही लांडगा आला नसता, तर दोष कोणाकडे? इन्फ्लुएन्झाच्या लशीविषयीं व सांथीच्या घोषणांविषयीं लोकांच्या मनांत जो अविश्वास आढळतो, त्याचें एक मूळ या प्रश्नांत आहे.

१९७६ च्या प्रारंभीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, फोर्ट डिक्स या लष्करी तळावर, एक तरुण शिपाई दगावला. डुकरांत आढळणाऱ्या जातीचा इन्फ्लुएन्झाचा विषाणु त्याच्या शरीरांत सांपडला. १९१८ च्या सांथीच्या विषाणूशीं त्याचें नातें असावें, असें तज्ज्ञांस वाटलें. एकट्या हिंदुस्थानांत जिनें कोटीहून अधिक बळी घेतले, त्या सांथीचें स्मरण असणाऱ्यांनीं स्वस्थ तरी कसें बसावें? मार्च महिन्यांत अध्यक्ष फोर्ड यांनीं सर्व जनतेस लस टोंचण्याचा संकल्प जाहीर केला. विमा कंपन्यांनीं जोखीम नाकारली, तेव्हां सरकारनें ती स्वतःच्या शिरावर घेतली. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत चार कोटींहून अधिक लोकांनीं लस घेतली. सांथ मात्र आलीच नाहीं. उलट, लस घेणाऱ्यांपैकीं सुमारें लाखांत एकास अंग लुळें पाडणारा गियाँ-बारे नांवाचा विकार जडला, आणि मोहीम बंद करावी लागली.

फळावरून निर्णयाची परीक्षा करणें सोपें असतें, न्याय्य नसतें. पाऊस पडला नाहीं म्हणून छत्री घेऊन निघालेला मनुष्य मूर्ख ठरत नाहीं. अधिकाऱ्यांचा खरा दोष निराळा होता. लस तयार करून ठेवणें व ती टोंचणें हे दोन स्वतंत्र निर्णय होत. लस सांठवून वाट पाहावी, असा सल्ला आल्बर्ट सेबिन यांच्यासारख्या लसशास्त्रज्ञानें पुढें दिलाही होता. पण जें केवळ संभाव्य होतें, तें निश्चित असल्याप्रमाणें लोकांपुढें मांडलें गेलें.

११ जून २००९ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें नव्या इन्फ्लुएन्झाची जगद्व्यापी सांथ जाहीर केली. तिला सल्ला देणाऱ्या समितीचीं नांवें सांथ संपेपर्यंत गुप्त ठेवण्यांत आलीं. पुढें तीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां कांहीं सभासदांचे औषध कंपन्यांशीं संबंध असल्याचें दिसून आलें. २०११ च्या चौकशी समितीस लबाडीचा पुरावा आढळला नाहीं, तरी ही गुप्तता तिनेंही चूकच ठरविली. अविश्वासास एवढें खतपाणी पुरेसें होतें. या खेपेस लांडगा मात्र खरोखर आला होता. देशांतील पहिला मृत्यु पुण्यांत घडला. शाळा व चित्रपटगृहें बंद झालीं.

त्या वेळीं मी पुण्यांतच होतों. पुढील वर्षीं लस बाजारांत आली, ती मीं घेतली नाहीं. कोणी विचारल्यास फोर्ट डिक्सची हकीकत ऐकवीत असें, आणि ऐकणारे माझ्या व्यासंगाचें कौतुक करीत. वस्तुस्थिति अशी कीं, मला आळस होता, आणि त्या आळसास मीं संशयाचा प्रतिष्ठित पोशाख चढविला होता. घरांत माझी वृद्ध आई होती. माझ्या युक्तिवादाची किंमत पडलीच असती तर ती तिला द्यावी लागली असती. सुदैवानें कांहीं झालें नाहीं. पण फळावरून परीक्षा करूं नये हा नियम जर फोर्डसाहेबांस लागू, तर तो मलाही लागू आहे.

शंका घेण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मात्र कोणता पुरावा मिळाल्यास आपली शंका फिटेल, हें शंका घेणाऱ्यास आधीं सांगतां आलें पाहिजे. मला तें सांगतां आलें नसतें. राखणदारानें 'झुडुपांत कांहीं हाललें, लांडगा असेल वा नसेल' इतकेंच खरें सांगावें. आणि गांवकऱ्यांनीं, मागची खेप फुकट गेली तरी, काठी घेऊन पुन्हां एकदां झुडुपापर्यंत जाऊन पाहावें.