वायरमनने बोलावे की गप्प राहावे?

घरमालक आणि भाडेकरू यांचे भांडण आपल्याकडे नवे नाही. थकलेले भाडे, पोटभाडेकरू, गळके छप्पर, संडासाची वाट या कारणांवरून वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसे प्रत्येक जुन्या पेठेत आहेत. या भांडणात तिसऱ्या माणसाला सहसा जागा नसते. परंतु घरातील वायरिंग धोक्याचे झाले म्हणजे एक तिसरा माणूस, मनात नसताना, त्यात ओढला जातो. हा माणूस म्हणजे वायरमन. तो येतो पंखा बसवायला. स्विचबोर्ड उघडतो, आणि आत जे दिसते ते दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसते. किंवा एकाला ठाऊक असून दुसऱ्यापासून लपवलेले असते. आता त्याने काय करावे?

त्याला काय दिसते ते आधी पाहू, कारण नीतीचा प्रश्न पुष्कळदा वस्तुस्थिती नीट न पाहिल्यामुळेच सोपा वाटतो. बेळगाव, ग्वाल्हेर, वडोदरा येथील जुन्या वाड्यांतून लाकडी पट्टीच्या आत रबराचे वेष्टण असलेली तार अजूनही कोठे कोठे सापडते. इतक्या वर्षांनी ते रबर वाळते आणि हात लावताच त्याचा भुगा होतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी त्यात जाड तांब्याची तार गुंडाळलेली असते. तीन पिनांच्या प्लगाला अर्थिंगच नसते; किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून काम उरकलेले असते. अशा ठिकाणी न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरू शकतात.

फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे पुष्कळांना वाटते. फ्यूज तारेला जपतो, माणसाला नव्हे. माणसासाठी जे गळती पकडणारे यंत्र बसवतात ते ३० मिलिअँपिअरवर तुटेल असे केलेले असते, कारण त्यापुढे जिवाला धोका असतो. ५ अँपिअरचा फ्यूज याच्या दीडशेपटीहून अधिक प्रवाह मुकाट्याने जाऊ देतो. घरातील बाई गीझरला चिकटून राहील, आणि फ्यूज जागचा हलणार नाही.

हे वायरमनला कळते. बाकीच्यांना त्याच्याकडून केवळ एक कागद हवा असतो. मालक म्हणतो, "तुला पंख्याला बोलावले आहे, पंख्याचे बघ." भाडेकरू म्हणतो, "सगळे वायरिंग कुजले आहे असे लिहून दे भाऊ, कोर्टात उपयोगी पडेल." आणि कधी कधी मालकच उलट बाजूने येतो : "घर राहण्यालायक नाही असे लिही, म्हणजे रिकामे करून घेता येईल." तिघांचीही नजर तारेवर नसते.

जुन्या करारात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कठडा नसल्यामुळे कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. ही जबाबदारी घरधन्याची, यात शंका नाही. पण कठडा हलतो आहे हे ज्या गवंड्याने डोळ्यांनी पाहिले आणि जो मजुरी घेऊन खाली उतरला, त्याचे काय? आज्ञेत त्याचे नाव नाही. तरी तो मोकळा सुटला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गप्प राहणे म्हणजे तटस्थ राहणे, असे समजले जाते. दोन्ही पक्षांचे नुकसान सारखे असते तर ते मानता आले असते. येथे तसे नाही. मालक भाडे गमावील. भाडेकरूचे मूल जिवाला मुकेल. ओल्या हाताने ते बटण दाबणारा माणूस मालक नाही. म्हणून पैसे कोणीही देवो, वायरमनचे पहिले देणे त्या बटणाला हात लावणाऱ्याचे आहे, असे मला वाटते.

मात्र हे देणे खऱ्या साक्षीचे आहे, वकिलीचे नव्हे. भाडे कोणाचे थकले, खोली कोणी बळकावली, याचा निवाडा करणे त्याचे काम नाही. जुने वायरिंग म्हणजे धोक्याचेच, असेही नाही. ते मेगरने ठरते. ५०० व्होल्टवर रोध १ मेगओहमच्या खाली आला, अमुक खोलीत अर्थिंग नाही, अमुक फ्यूजात साधी तांब्याची तार आहे : एवढेच लिहावे, तारीख, सही आणि परवान्याचा क्रमांक घालावा. आणि एकच मजकूर दोन प्रतींत लिहून एक मालकाला, एक भाडेकरूला द्यावा. दोघांच्या हाती तोच कागद पडला की त्याची धार पुष्कळ कमी होते.

प्रवाह तोडावा काय, हा प्रश्न याहून कठीण. सारे घर अंधारात टाकले तर शिक्षा भाडेकरूलाच होते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात सबळ कारणावाचून वीज तोडण्याची मालकाला मनाई आहे. वायरमनने त्याचे हत्यार होऊ नये. उघडी पडलेली तेवढी एक लाईन बंद करावी आणि का बंद केली ते दोघांना सांगावे.

कायद्याने दुरुस्तीची वाट ठेवली आहे, पण ती अरुंद आहे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मालकाने ऐकले नाही तर दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून वळती करावी. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. महिना दोनशे रुपये भाडे असलेल्या खोलीत ही रक्कम सहाशे रुपये होते. सहाशे रुपयांत घराचे वायरिंग बदलून होत नाही. मालकाची बाजूही येथेच दिसते : दोनशे रुपयांत तो तरी काय बदलणार? इंग्लंडात २०२० च्या नियमांनी हा गुंता थोडा सोडवला. तेथे खासगी घरमालकाने निदान पाच वर्षांनी वायरिंग तपासून घ्यायचे आणि त्या अहवालाची प्रत भाडेकरूला द्यायची, असे बंधन आहे. वायरमनला धैर्य दाखवावे लागू नये, अशी ही व्यवस्था आहे.

कारण आपल्याकडे धैर्याची किंमत तोच मोजतो. एका मालकाच्या वीस खोल्यांचे काम हातून गेले तर पुढचा महिना कसा काढायचा, हे त्याच्या बायकोला विचारावे. त्याला उपदेश करणे सोपे आहे.

आणि मालक म्हणजे नेहमी कोणी शेठ असतो असेही नाही. आपल्या कित्येक मंडळ्यांच्या ताब्यात मिशनच्या काळातील बंगले, क्वार्टर्स, वसतिगृहे आहेत. तेथे निवृत्त शिक्षिका राहतात, विधवा राहतात, पहारेकरी कुटुंबासह राहतो. बाहेरची भाडेकरू कुटुंबेही आहेत. वायरमन येतो, पाहतो आणि खजिनदाराच्या कानात सांगून जातो. खजिनदार म्हणतो, "यंदा फंड नाही, पुढच्या वर्षी बघू," आणि ज्या बाईच्या भिंतीत ती तार आहे तिला कोणी काही सांगत नाही. तपासणीच्या कागदाची दुसरी प्रत त्या बाईच्या हाती पडेल, आणि ती लिहिणाऱ्याला पुढचे कामही मिळेल, असा ठराव कमिटीच्या येत्या सभेत कोण मांडील?