देठ सुटण्याची वेळ

महामृत्युंजय मंत्र म्हणून घरोघरी जपल्या जाणाऱ्या ऋचेत, म्हणजे ऋग्वेदाच्या ७व्या मंडलातील ५९व्या सूक्ताच्या १२व्या ऋचेत, मृत्यूच्या बंधनातून सुटण्यासाठी जी उपमा योजली आहे ती तुटणाऱ्या साखळीची किंवा उघडणाऱ्या पिंजऱ्याची नसून वेलीवर पिकून देठापासून अलग होणाऱ्या फळाची आहे. या फळाला तेथे उर्वारुक म्हटले आहे. भाष्यकारांच्या परंपरेने त्याचा अर्थ काकडी असा केला असला, तरी काकडी बहुधा कोवळीच तोडली जाते आणि पिकल्यावर आपण होऊन देठ सोडण्याचा गुण तिच्याच कुळातल्या खरबुजात अधिक ठळक दिसतो. म्हणून उपमेचे मर्म समजून घेण्यास खरबूजच अधिक उपयोगी पडते.

ठाण्याच्या बाळकुम भागात, जेथून जुना आग्रा रोड कशेळीच्या पुलाकडे जातो, उन्हाळ्यात हातगाडीवर रचलेल्या खरबुजांतून गिऱ्हाईक एखादे उचलते, देठाच्या जागी नाक लावते आणि तो भाग अंगठ्याने किंचित दाबून पाहते, तेव्हा नकळत या उपमेचीच परीक्षा चाललेली असते. जाळीदार सालीच्या खरबुजात फळ पक्व होताना देठाच्या सांध्याशी पेशींचा एक पातळ थर कमकुवत होऊ लागतो, ज्याला विलगन-थर म्हणतात. फळातच निर्माण होणाऱ्या इथिलीन वायूच्या प्रभावाने सांध्याभोवती बारीक चीर पडते आणि मग हाताचा हलका स्पर्शही पुरेसा होतो. अशा फळाला टोकाशी स्वच्छ, गोल खळगी राहते; लवकर कापलेल्या फळाला मात्र सुकलेल्या देठाचा तुकडा चिकटलेला असतो. आंबा अढीत घालून गोड करता येतो, कारण त्याच्यातल्या पिष्टाची नंतर साखर होते. खरबुजात असा पिष्टाचा साठा नसतो, त्यामुळे आधीच तोडलेले खरबूज घरात ठेवल्यास मऊ पडेल, त्याला वासही सुटेल, परंतु वेलीने जेवढी गोडी दिली त्याहून कणभरही अधिक त्यात येणार नाही.

बंधनाविषयीच्या नेहमीच्या कल्पनेला येथे मोठा धक्का बसतो. मोक्षविचारात बंधन म्हणजे केवळ तोडून टाकायचे ओझे असे सहसा मानले जाते, पण फळाचे बंधन असलेला देठच त्याला पाणी आणि रस पुरवणारी वाट असतो, आणि सुटण्याची योग्यता फळाला त्याच वाटेने मिळते. ऋचेतील याचनाही याच अंगाने वाचली पाहिजे, कारण मृत्यूपासून सुटका मागतानाच अमृतापासून मात्र सुटका नको असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे.

मग पिकण्याची वेळ ठरवायची कोणी, हा प्रश्न मराठी संतपरंपरेला नवा नाही. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीत संन्यास घेतला आणि गुरूंनी त्यांना पुन्हा आळंदीला गृहस्थाश्रमात पाठवले. उलट रामदासांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, १२व्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरूनच पाय काढला आणि कोणीही त्यांना कच्चे म्हटले नाही. जाबाल उपनिषद आश्रमांचा क्रम सांगते आणि त्याच ठिकाणी ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी घर सोडावे अशी मोकळीकही देते. पक्वता वयावर मोजता येत नाही, आणि बाहेरून घाई केल्याने ती येत नाही, एवढे या दोन्ही उदाहरणांतून निश्चित म्हणता येते.

खरबुजाचा उपासाशी असलेला संबंधही लक्षात घेण्यासारखा आहे. माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र येते, तेव्हा बाजारात खरबुजे दिसू लागलेली असतात, आणि ज्या त्र्यंबकाचे आवाहन ऋचेत आहे त्याच्या उपासाला हे फळ चालते. १०० ग्रॅम गरात सुमारे ९० ग्रॅम पाणी, साधारण ३४ कॅलरी, चांगल्या प्रमाणात क जीवनसत्त्व आणि केशरी गरात शरीर ज्याचे अ जीवनसत्त्व करते ते बीटा कॅरोटीन असते, त्यामुळे उन्हात थकलेल्याला ते हलके आणि तृप्त करणारे ठरते. बियाही वाया जात नाहीत. सोलून काढलेला त्यांचा मगज थंडाईत वाटतात. कोकणात पावसाळ्यात वेलीवर येणारा चिबूड याच कुळातला असून तो पिकून तडकला की गूळ घालून खातात.

याच ऋचेचे एक वेगळे रूप शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, ३ऱ्या अध्यायात येते, आणि साकमेध या चातुर्मास्य यज्ञातील त्र्यंबकहोमाच्या वेळी कुमारिका ते म्हणत अग्नीभोवती फिरत असत. उपमा तीच, उर्वारुकाची. परंतु मृत्यूच्या जागी तेथे माहेर येते आणि अमृताच्या जागी सासर, म्हणजे या घरातून सुटू दे, त्या घरातून मात्र नको, अशी ती प्रार्थना होते. ज्या घराने तिला वाढवले त्यालाच ती मुलगी बंधन म्हणते, आणि त्या शब्दामागे तिच्या मनात तिरस्कार नसतो.