कोश हातचा गेल्यावर

लढाई हरल्यावर इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी प्रश्न अगदी नेमका विचारला: परमेश्वराने आज आपला पराभव का होऊ दिला? अफेकजवळ पलिष्ट्यांनी त्यांची सुमारे ४००० माणसं कापली होती. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली ही गोष्ट. पण उत्तरासाठी कोणी थांबलंच नाही. त्याच दमात ठरलं, शिलोच्या देवस्थानातून कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, आणा, तो आपल्याला वाचवील.

फुलचूरच्या आमच्या धानपट्ट्यात ही घाई ओळखीची आहे. ऐन निसवताना तुडतुडा पडतो. युरिया जास्त झाला का, रोवणा दाट झाला का, हे बघण्याआधी बांधीवर नारळ फुटतो. नारळाला माझी हरकत नाही. चौकशी तिथंच संपते, याला आहे.

कोश छावणीत आला तेव्हा जमीन दणाणेल असा जयघोष झाला. पलिष्टी हादरले. मिसरी लोकांना झोडपणारा देव समोर उभा ठाकलाय, आता आपली धडगत नाही, असं ते उघड बोलले. आणि तरीही एकमेकांना धीर देत लढले. इस्राएलचे ३०,००० पडले, कोश शत्रूच्या हाती गेला. ९८ वर्षांचा याजक एली ती बातमी ऐकून आसनावरून मागे कोसळला आणि मान मोडून मेला. या अध्यायात धैर्य कुणाचं, असं कोणी विचारलं तर मी पलिष्ट्यांकडे बोट दाखवीन. स्वतःच्या ग्रंथात शत्रूच्या पदरात एवढं माप टाकायलाही छाती लागते.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पुस्तकात दोन अध्याय आधी आहे. लोक यज्ञाचं मांस शिजवत असले की याजकाचा नोकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, हंड्यात खुपसायचा आणि काट्याला लागेल ते घेऊन जायचा. चरबीचा होम होण्याआधीच कच्चं मांस मागायचा. नाही म्हटलं तर हिसकावून. हा कारभार एलीच्या मुलांचा, हफनी आणि फिनहास यांचा. रणांगणात कोशाबरोबर होते तेही हेच दोघे.

त्या काळचा सरळ हिशेब असा: सैन्य हरलं की देव हरला. पलिष्ट्यांनी कोश अश्दोदला त्यांच्या दागोन देवाच्या देवळात नेऊन ठेवला तो त्याच हिशेबानं. सकाळी दागोन पालथा पडलेला! हरली ती माणसं, देव नव्हे, असं कथा सांगते. इथं जुन्या समजुतीला पहिला तडा जातो. पुढं कित्येक पिढ्यांनी यरुशलेमचे लोक मंदिर आहे म्हणून निर्धास्त राहिले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्यानं त्यांना शिलोला जाऊन काय उरलंय ते बघायला सांगितलं. शिलोच्या उत्खननात इसवीसनपूर्व अकराव्या शतकातल्या जळिताचे अवशेष सापडलेही आहेत. यिर्मयाचं कोणी ऐकलं नाही. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोन्यांनी मंदिर जाळलं. बाबिलोनच्या बंदिवासात ना कोश होता ना वेदी. उरला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, उरली प्रार्थना. श्रद्धा वस्तूवाचून तगू शकते, हा विचार असा हरत हरत घडला.

त्याचा सगळ्यात चिवट दाखला मला मराठी मुलखातच सापडतो. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, सांगतात. त्यांच्याजवळ पोथी नव्हती, देऊळ नव्हतं. शमा ही प्रार्थना तेवढी तोंडात टिकली. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. अफेकच्या छावणीतल्या त्या गर्जनेपेक्षा ही श्रद्धा मला कितीतरी भारी वाटते, कारण तिनं कशाचाही मोबदला मागितला नाही.

नवस मात्र याही समाजात होता. त्यांच्यातले सॅम्युएल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूचे कैदी झाले आणि सुटल्यास प्रार्थनालय बांधीन असा त्यांनी नवस केला, अशी आठवण समाजात सांगतात. सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. मुंबईतलं ते पहिलं. १८६० मध्ये ते आजच्या जागी आलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं मानतात.