वाकस हातात असताना: स्वतः घडवलेले करण आणि कर्तेपणाचा प्रश्न

कोणतेही कर्म साधनाच्या आधाराने घडते तेव्हा त्या कर्माचे कर्तेपण नेमके कोठे राहते, हा भारतीय तत्त्वचिंतनातील जुना आणि अजूनही न संपलेला प्रश्न आहे. पाणिनीने व्याकरणाच्या अंगाने केलेली त्याची मांडणी पुढे दर्शनकारांनाही उपयोगी पडली: क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो तो कर्ता, आणि क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वांत अधिक साहाय्य करते ते करण. कुऱ्हाडीने झाड तोडले जाते तेव्हा हा भेद सहज दिसतो, कारण कुऱ्हाड लोहाराने घडवलेली असते, तोडणारा निराळा असतो आणि झाड पडल्यावर श्रेय कोणाचे याविषयी कोणाला शंका येत नाही. परंतु साधन घडवणारा आणि वापरणारा जेथे एकच असतो, साधन त्याच्याच हाताच्या मापाने घडलेले असते आणि यशापयश सेकंदाच्या अल्प अंशावर ठरते, तेथे हा भेद इतका सोपा राहत नाही. द्वंद्वाच्या व्हिडिओ गेमसाठी खेळाडूने स्वतः बनवलेला आर्केड पद्धतीचा कंट्रोलर हे अशा साधनाचे आजच्या काळातील बोलके उदाहरण आहे, आणि त्याचा विचार करण्यास लागणारी वैचारिक सामग्री जळगाव आणि धुळे या खानदेशच्या जिल्ह्यांत विपुल आहे.

आर्केड म्हणजे नाणे टाकून चालणाऱ्या, कपाटासारख्या उभ्या गेमयंत्रांचे दालन. आपल्याकडे त्याला व्हिडिओ गेम पार्लर म्हणत. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९१ मधील 'स्ट्रीट फायटर टू' या खेळाने समोरासमोरच्या द्वंद्वाचा जो साचा रूढ केला, त्यात प्रत्येक खेळाडूच्या डाव्या हाताशी दिशा देणारा एक दांडा आणि उजव्या हाताशी ठोसे व लाथांची सहा बटणे होती. खेळ पुढे घरात आला, तरी ज्यांच्या मनगटाला त्या दांड्याची सवय झाली होती, त्यांना तोच दांडा आणि तीच बटणे स्वतंत्र पेटीत बसवून हवी होती, आणि अशी पेटी म्हणजेच आर्केड पद्धतीचा कंट्रोलर होय. तिच्या आतली रचना गुंतागुंतीची नाही. दांड्याच्या खालच्या टोकाभोवती चार लहान स्विच असतात आणि दांडा मधल्या टेकूवर कलत असल्यामुळे वरचे टोक उजवीकडे झुकले की खालचे टोक डावीकडचा स्विच दाबते. प्रत्येक स्विचची एक तार सर्वांना समाईक असलेल्या तारेला जोडलेली असते आणि दुसरी एका छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीकडे जाते. बटण दाबताच मंडल पूर्ण होते आणि पट्टी ती खूण संगणकाला कळवते. हे काम २०२१ मध्ये बाजारात आलेली 'रास्पबेरी पाय पिको' ही स्वस्त पट्टी आणि मोफत उपलब्ध असलेला 'जीपी२०४०-सीई' हा प्रोग्रॅम यांच्या साहाय्याने घरीही करता येते.

कठीण असते ते या सर्वांना माणसाच्या हाताशी जुळवणे. जळगावात किंवा धुळ्यात अशी पेटी करू पाहणाऱ्याला सागाची फळी किंवा प्लायवूड निवडावे लागते, ३० मिलिमीटर व्यासाची छिद्रे नेमकी पाडावी लागतात, मनगट टेकते ती कड काचकागदाने घासून गोल करावी लागते, पेटी मांडीवरून सरकू नये इतके वजन राखावे लागते आणि प्रत्येक तारेला डाग देताना सांधा पक्का झाला की नाही हे पारखून घ्यावे लागते. दोन बटणांमधले अंतर किती असावे, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात पूर्णपणे मिळत नाही, कारण ते त्या एका माणसाच्या बोटांत असते. मराठी घरांना हे नवे नाही. जात्याचा खुंटा वर्षानुवर्षांच्या दळणाने गुळगुळीत होतो, हाताच्या पकडीला जुळतो आणि मग दळणारीचे लक्ष खुंट्यावर राहत नाही; हात फिरत राहतो आणि मन ओवीकडे मोकळे होते. आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी अशाच घरकामात आणि शेतकामात जुळत गेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. साधन हाताशी पूर्ण जुळले की ते जाणिवेतून मागे सरते आणि कर्त्याला मोकळे करते, हे त्यांच्या जीवनावरून दिसते.

साधन असे मागे सरते तेव्हा ते जाते कोठे, हा यापुढचा प्रश्न आहे. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि अद्वैत वेदान्ताचे आधुनिक परिभाषेत चिंतन करणारे विद्वान तेथे जमले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केला. ज्ञाता विषयापासून पायरीपायरीने अलग होत जातो आणि हे अलग होणे हेच त्याचे स्वातंत्र्य, हे त्या ग्रंथाचे सूत्र असून त्यातील पहिल्या पायऱ्या शरीराच्या आहेत: बाहेरून वस्तूसारखे दिसणारे शरीर वेगळे आणि आतून जाणवणारे शरीर वेगळे. या भेदाच्या प्रकाशात कंट्रोलरकडे पाहिले तर असे म्हणता येते की नवशिक्याच्या दृष्टीने पेटी ही केवळ पाहिली जाणारी वस्तू असते आणि तो बटण शोधतो, तर मुरलेल्या खेळाडूच्या बाबतीत ती जाणवणाऱ्या शरीराच्या सीमेत येते आणि तो बटण न शोधता ठोसा मारतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात अंधाच्या काठीविषयी हेच निरीक्षण नोंदवले आहे: सरावाने काठी जाणण्याचा विषय न राहता जाणण्याचे अंग होते. स्वतः पेटी घडवणाऱ्याला मात्र दोन्ही अवस्था आलटून पालटून अनुभवाव्या लागतात, कारण संध्याकाळी जी त्याच्या हाताचाच भाग असते, तीच सकाळी झाकण उघडून टेबलावर तारांचे जंजाळ म्हणून त्याच्यासमोर पडलेली असते. जे हाताचा भाग म्हणून जाणवले ते हात नव्हते, हे त्याला युक्तिवादाने पटवून द्यावे लागत नाही.

येथे कर्तेपणाचा प्रश्न नैतिक रूप घेतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय असलेले शरीर, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. विकत घेतलेल्या साधनाने हरणारा माणूस हा पराभव करणावर किंवा दैवावर सहज टाकू शकतो. पण सांधा ज्याने स्वतः जोडला, त्याला तो ऐन वेळी सुटला तर दैवाचे नाव घेता येत नाही. साधन स्वतः घडवण्याने दैवाचा वाटा नाहीसा होत नाही, परंतु आजवर ज्याला दैव म्हटले जात होते त्यापैकी किती भाग केवळ अज्ञान होते हे उघड होते. आपल्या दोषाची मालकी स्वीकारण्याचे असे शिक्षण थोड्याच उद्योगांतून मिळते.

दोषाची मालकी जशी स्वीकारायची तशी गुणाचीही स्वीकारता येते काय, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, आणि या क्षेत्रातील एका खऱ्या वादाने तो नेमका समोर आणला आहे. काही पेट्यांत दांडा नसतो आणि चारही दिशांना बटणेच असतात. दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे कलू शकत नाही, पण बटणे मात्र दोन्ही दाबता येतात. अशा वेळी या परस्परविरोधी आज्ञेचा अर्थ काय लावायचा, हे पट्टीला आधीच शिकवून ठेवावे लागते. दोन्ही दिशा रद्द करून पात्राला जागीच ठेवता येते किंवा शेवटी दाबलेल्या दिशेला प्राधान्य देता येते. दुसऱ्या व्यवस्थेत मागची दिशा धरून ठेवूनच पुढची दाबता येते, आणि या खेळांत मागची दिशा म्हणजे बचाव असल्यामुळे बोट उचलताच बचाव आपोआप परत मिळतो. ज्या खेळात एक चित्र सेकंदाच्या ६० व्या भागापुरतेच टिकते, तेथे हा लाभ क्षुल्लक नाही. कॅपकॉम प्रो टूर या स्पर्धामालेच्या २०२३ च्या नियमांनी विरुद्ध दिशांपैकी एकीला असे प्राधान्य देणारी रचना नाकारली.

हा नियम म्हणजे आयोजकांची निव्वळ सोय नव्हे; पाणिनीच्या व्याख्येतून त्याचे समर्थन करता येते. कर्ता स्वतंत्र असतो याचा अर्थ निर्णय त्याचा असतो. बटणाचे अंतर, कडेची गोलाई, स्प्रिंगचा ताण यांनी निर्णय हातातून पडद्यापर्यंत स्वच्छपणे पोहोचतो. ते करणाचे धर्म आहेत आणि त्यांत कितीही परिपूर्णता आणली तरी कर्त्याच्या स्वातंत्र्याला बाध येत नाही. परंतु कर्त्याने दोन विरुद्ध गोष्टी एकदम सांगितल्या असता त्यांतली एक निवडणे हे निर्णय वाहून नेणे नसून निर्णय घेणे आहे, आणि एका दाबण्यात चार हालचालींची मालिका सोडणारे बटण तर उघडच कर्त्याच्या जागी बसलेले असते. दोन्ही आज्ञा रद्द करणारी पट्टी कर्ता काही बोललाच नाही असे मानते, तर एकीला प्राधान्य देणारी पट्टी त्याच्या तोंडी स्वतःचे शब्द घालते. साधनाने किती साहाय्य करावे याला मर्यादा नाही, पण कशात साहाय्य करू नये याला आहे: करणाने कर्त्याचा निर्णय जितका शुद्ध पोहोचवता येईल तितका पोहोचवावा, तो घेऊ मात्र नये. या भेदाला खानदेशातूनच एक जुना आधार मिळतो. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, आणि गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ज्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे अध्ययन तेथे अपेक्षित होते, त्या ११५० मधील ग्रंथाच्या यंत्राध्यायात वेधाच्या अनेक साधनांबरोबर भास्कराचार्यांनी स्वतः रचलेल्या फलकयंत्राचे, म्हणजे फळीच्या यंत्राचे, वर्णन येते. आणि तरीही खऱ्या अर्थाने यंत्र एकच, ते म्हणजे धी, असे ते सांगतात. धी म्हणजे निश्चय करणारी बुद्धी. स्वतः यंत्र घडवणाऱ्याने काढलेला हा निष्कर्ष असल्यामुळे त्याचे वजन अधिक आहे.

या सर्वांवर एक गंभीर आक्षेप उरतो. साधन परिपूर्ण करण्याचा ध्यास हीच आसक्ती होऊ शकते: आज स्प्रिंग बदलली, उद्या बटणे बदलली, परवा नवी पेटी, आणि प्रत्येक वेळी विजय पुढच्या सुट्या भागात दडला आहे असा भ्रम. असा माणूस करणाचा स्वामी राहत नाही. याचे उत्तर धुळ्याच्या कारागृहात मिळते. तेथे १९३२ मध्ये विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ राहिलेल्या, पुढे तेथील शाळेत शिक्षक झालेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. विनोबांच्या विवेचनानुसार बाहेरचे कर्म एकटे असते तोवर ते ओझे राहते. त्याला विकर्माची, म्हणजे अंतःकरणाच्या विशेष क्रियेची, जोड मिळाली की ते अकर्म होते, म्हणजे करूनही न केल्यासारखे हलके होते. या कसोटीवर रंधा मारणे किंवा तारेला डाग देणे हे कर्म बंधक आहे की मोचक, हे त्या कामावरून ठरत नाही. त्याबरोबर आत काय चालले आहे यावरून ते ठरते: सांधा नीट झाला पाहिजे ही निष्ठा, की दुसऱ्याला हरवले पाहिजे ही ओढ.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात कर्तेपणाचा विचार करताना सुताराचाच दृष्टान्त विवरला आहे. वाकस आदी हत्यारे हाती असतात तेव्हा सुतार कर्ता असतो आणि श्रमाचे दुःख भोगतो. ती ठेवून घरी परतला की तोच स्वस्थ आणि सुखी असतो. आत्म्याचे कर्तेपणही असेच मन आणि इंद्रिये या करणांमुळे आलेले आहे, स्वभावाचे नाही. महाराष्ट्रात अश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे आणि हत्यारे पुसून पूजेला मांडतात आणि अनेक ठिकाणी त्या दिवशी ती चालवत नाहीत. रंधा, पटाशी आणि डाग देण्याची कांब यांच्या शेजारी स्वतः घडवलेली ती पेटीही मांडली गेली, तर त्यात विसंगत काही नाही, कारण ज्याने आपल्याला कर्ता केले त्याच्यापासून एक दिवस हात मागे घेऊन त्याला समोर ठेवणे हा त्या पूजेचा गाभा आहे. शंकराचार्य मात्र तेथे थांबत नाहीत. दृष्टान्त एवढ्याच अंशी घ्यावा असे ते बजावतात, कारण सुताराला हत्यारे उचलण्याठेवण्यासाठी हात आहेत, आत्म्याला मन उचलण्याठेवण्यासाठी निराळे हात नाहीत. पेटी खाली ठेवता येते. जिंकण्याची इच्छा करणारे मन तसे चौरंगावर मांडता येत नाही. ते केवळ आपल्याहून वेगळे म्हणून ओळखता येते, आणि जी पेटी हाताचा भाग वाटत होती ती हात नव्हती हे ज्याने झाकण उघडून वारंवार पाहिले आहे, त्याला या अवघड ओळखीचा निदान एक सोपा धडा मिळालेला असतो.