विचारणारा शिष्य

सरस्वती गंगाधरांचे ‘श्रीगुरुचरित्र’ म्हणजे सिद्धमुनी आणि नामधारक यांचा संवाद. नामधारक नुसती मान डोलावत नाही. अडलं की विचारतो, आणि त्या प्रश्नातूनच पुढची कथा उलगडते. सिद्धमुनी रागावत नाहीत, उलट संतोषतात.

बँकेत कॅशवर असताना पैसे देऊन मी म्हणायचो, “मोजून घ्या.” दिलेलं पुरतं पोचलं का, हे घेणाराच सांगणार! ज्ञानाचंही तसंच.

सप्ताहात वाचताना मध्ये बोलू नये, हे खरं. पण पोथी बांधल्यावर नातवंडानं अर्थ विचारला, तर गप्प बसवू नका. भक्तहो, या दत्तजयंतीला त्याला जवळ घ्या, सांगा, आणि “कळलं का रे?” हेही विचारा. “नाही” म्हणाला, तर पुन्हा सांगा. तीही गुरुसेवाच.

श्रीगुरुदेव दत्त!