फळ की पान?

महाकाय भोपळा वाढवणारे लोक एका वेलीवर एकच फळ ठेवतात. बाकीची कोवळी असतानाच खुडतात, म्हणजे वेलीचे सारे बळ त्या एकाला मिळते. घरच्या अंगणात वाढवलेल्या अशाच एका भोपळ्याचे वजन २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे १,२४७ किलो भरले.

हे वाचून मला वाटले, एकाग्रता म्हणतात ती हीच! परीक्षेच्या वर्षी मीही खुडत गेलो. आधी भाषांतराची सेवा थांबवली, मग मित्राला हिशेब समजावणे, शेवटी संध्याकाळी आजीजवळ बसणे. हीच माझी साधना, अशी मनाची समजूत घातली.

गुण चांगले मिळाले. पेढा घेऊन आजीकडे गेलो, तर ती म्हणाली, “बैस रे जरा. तुझा आवाजच विसरले होते मी.” माझ्या भ्रमाचा भोपळा तिथेच फुटला.

जाणता बागायतदार जादा फळे खुडतो, पण पाने जपतो. वेलीच्या पेरांवर माती चढवतो, म्हणजे तिथेही मुळे फुटतात. फळ पोसते ते या पाना-मुळांवर. ज्यांना मी जादा फळे समजलो, ती माझी पाने होती.

ध्येयासाठी काही सोडावे लागतेच. पण खुडायला हात पुढे करण्याआधी आपण क्षणभर थांबून पाहूया: हे फळ आहे की पान?